घरात मानसिक आजाराचा पेशंट असेल तर त्याच्या शरीराकडे कसं लक्ष ठेवायचं

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुनं डिप्रेशन असलेलं माणूस घरात असलं की सगळ्यांचं लक्ष गोळी घेतली का, रात्री झोपला का, एकटाच बोलतोय का यावरच असतं, आणि ते असायलाच पाहिजे, पण याच माणसाची शुगर शेवटची कधी तपासली असं विचारलं तर बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि आपल्याला वाटतं तसं सगळं आत्महत्येमुळे होत नाही, जास्त मृत्यू हार्ट, डायबेटिस, फुप्फुसं, इन्फेक्शन असल्या साध्या शरीराच्या आजारांनी होतात, जे वेळेवर पकडले असते तर आटोक्यात आले असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, कारण आमच्या दादाच्या आजाराला इतकी वर्षं झाली, इतक्या ओपीडी झाल्या, तरी हे आम्हाला कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं.

हे का होतं ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. काही गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते. आजारामुळेच माणूस दिवसभर पडून राहतो, उठावंसंच वाटत नाही, त्याला आपण आळशी म्हणतो पण तो आजाराचाच भाग असतो. तंबाखू, बिडी जास्त. दुखलं तरी सांगत नाहीत, स्किझोफ्रेनियात तर बऱ्याच जणांकडून दुखण्याची तक्रारच कमी येते, हार्ट अटॅकसुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे याची जबाबदारी कुणाचीच नसते, सायकियाट्रिस्टला वाटतं बीपी शुगर फॅमिली डॉक्टर बघत असतील, फॅमिली डॉक्टरला वाटतं हा सायकियाट्रीचा पेशंट आहे तिकडे बघतील, आणि मधल्या मधे वर्षं जातात. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, घरातल्या एका माणसाने हे काम आपल्या अंगावर घ्यायचं. डॉक्टर व्हायचं नाही, गोळ्या कमीजास्त करायच्या नाहीत, फक्त नोंद ठेवायची आणि वेळेवर विचारायचं.

एक गोष्ट आधीच सांगते आणि ती परत परत वाचा, खाली गोळ्यांच्या साइड इफेक्टबद्दल बरंच लिहिलंय, ते वाचून घाबरून कुणाचीही गोळी बंद करू नका. एकदम गोळी बंद झाली तर आजार उलटतो आणि मग जे होतं ते साइड इफेक्टपेक्षा कितीतरी वाईट असतं. यातलं काही दिसलं तर त्याच डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, वजनासाठी वेगळी गोळी जोडता येते (मेटफॉर्मिन यासाठी बरेच सायकियाट्रिस्ट देतात), पण ते त्यांनी ठरवायचं.

आधी एक वही करा

मोबाइलमधलं ॲप वगैरे नको, साधी २०० पानी वही बरी, कारण ती आई पण उघडू शकते आणि डॉक्टरच्या टेबलावर पण ठेवता येते. पहिल्या पानावर आजाराचं नाव, कधीपासून, आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोससकट, आणि सगळ्या म्हणजे सगळ्या, आयुर्वेदिक चूर्ण, पित्ताची गोळी, गुडघ्याची गोळी पण. आधी कुठली गोळी सोसली नाही ते पण लिहा, म्हणजे नवीन डॉक्टर तीच परत देणार नाहीत. दुसऱ्या पानापासून तारीख टाकून वजन, पोटाचा घेर, बीपी. मागच्या बाजूला लॅबचे रिपोर्ट चिकटवत जा, फार तर झेरॉक्स चिकटवा, ते थर्मल पेपरवरचे आकडे सहा महिन्यांत उडून जातात.

वही त्याच्यापासून लपवू नका. वही त्याच्या शरीराबद्दल आहे, तर त्याला दाखवा, त्याच्या हाताने वजन लिहायला लावा, आमच्याकडे दादा स्वतः काट्यावर उभा राहून आकडा लिहितो आणि एखादा महिना विसरला तर मला आठवण करून देतो. जबरदस्तीने सुई टोचायला नेलं तर पुढच्या वेळी तो येणारच नाही, आधी सांगायचं की अमुक दिवशी रक्त द्यायचंय, कशासाठी द्यायचंय, आणि लॅबमधून आल्यावर आवडता नाश्ता.

काय तपासायचं आणि कधी

नवीन गोळी सुरू होण्याआधी वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), हे एकदा करून ठेवा, म्हणजे नंतर किती फरक पडला ते कळेल. गोळी आधीच चालू असेल आणि कधीच केलं नसेल तर या आठवड्यात करा, आजचा आकडा हाच आपला पहिला आकडा. मग नवीन गोळीच्या सुरुवातीचे दीड दोन महिने दर आठवड्याला वजन, नंतर महिन्यातून एकदा. रक्त तीन महिन्यांनी परत आणि मग सगळं नीट असेल तर वर्षातून एकदा, डॉक्टरांनी जास्त वेळा सांगितलं तर तसं.

आकड्यांचं असं आहे, उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ, १२६ किंवा वर परत तपासूनही आली तर डायबेटिस, एचबीए१सी ६.५ किंवा वर गेलं तरी तेच. कंबर आपल्या भारतीय लोकांत पुरुषाची ९० सेंटीमीटर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका वाढतो, टेलरचा टेप पुरतो, पॅन्टच्या साइजवर जाऊ नका कारण पॅन्ट लोक पोटाच्या खाली घालतात. वजन मूळच्या वजनाच्या ५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ६० किलोचा माणूस ६३ झाला, की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. ओलान्झापिन आणि क्लोझापिनवर हे सगळ्यात जास्त होतं, क्वेटियापिन, रिस्पेरिडोनवर मध्यम, ॲरिपिप्राझोलवर बरंच कमी. पहिल्या तीन महिन्यांत वाढलेलं वजन आटोक्यात आणणं सोपं असतं, दोन वर्षांनी २० किलो वाढल्यावर तुम्ही भाकरी मोजायला लागाल तर त्याचे पण हाल आणि तुमचे पण.

वजनासोबत रात्रीचं घोरणं पण बघा. जोरात घोरतो, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, दिवसा गळून पडतो, अशा वेळी आपण म्हणतो गोळ्यांची झोप आहे, पण ते स्लीप ॲप्निया असू शकतं आणि त्याचा हार्टवर ताण येतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळीप्रमाणे लक्ष ठेवायच्या गोष्टी

आता हा भाग थोडा मोठा आहे, तुमच्या घरात जी गोळी असेल तेवढं नीट वाचा.

लिथियम. बायपोलरवर फार चांगलं औषध आहे, पण त्याचं रक्तातलं प्रमाण थोडं जास्त झालं की विष होतं, म्हणून लिथियम लेव्हल करावीच लागते, सुरुवातीला वरचेवर, मग पहिलं वर्षभर साधारण तीन महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी. रक्त शेवटच्या डोसनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं, रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. हे लॅबवाले सांगत नाहीत आणि मग गोळी खाऊन रक्त दिलं की लेव्हल उगाच जास्त येते आणि सगळे घाबरतात. त्यासोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड (टीएसएच) आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी. लिथियमवर थायरॉइड मंद होणं बऱ्यापैकी कॉमन आहे, आणि मंद थायरॉइड दिसतं कसं, तर सुस्ती, उदासपणा, वजन वाढणं, म्हणजे घरच्यांना वाटतं डिप्रेशन परत आलं, आणि खरं कारण एका रक्ताच्या तपासणीत सापडतं.

लिथियम चालू असताना मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी लेव्हल वाढते, ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांनी पण वाढते, टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, म्हणून बीपीची गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना लिथियम चालू आहे हे सांगितलंच पाहिजे. जुलाब-उलट्या लागल्या, हात मोठे थरथरायला लागले, झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड झाली, तर पुढचा डोस देऊ नका, लगेच दवाखाना. गोळी स्वतःहून बंद करू नका असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

क्लोझापिन. बाकीच्या गोळ्यांनी गुण येत नाही तेव्हा देतात आणि कित्येक घरं या गोळीने परत उभी राहिलीत. पण पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), मग डॉक्टर सांगतील तसं अंतर वाढतं, यात सूट नाही, लग्न असो की दिवाळी. ताप आला किंवा घसा दुखला की त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना फोन, आधी दोन दिवस बघू असं करायचं नाही. पहिल्या एक दोन महिन्यांत छातीत दुखणं, धाप, नाडी खूप जलद, ताप असं काही असेल तर हार्टला सूज असू शकते, लगेच दाखवा. आणि काही कारणाने दोन दिवसांच्या वर, म्हणजे ४८ तासांपेक्षा जास्त, गोळी चुकली तर परत पूर्ण डोस एकदम द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारून कमीपासून सुरू करावी लागते.

आणि पोट. हा विषय लोकांना बोलायला लाजिरवाणा वाटतो पण क्लोझापिनवर बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, आतड्याची हालचालच मंदावते. रोज विचारा पोट साफ झालं का, वहीत टिक करा. तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना सांगा, पोट फुगलंय, दुखतंय, उलटी होतेय तर रात्र असली तरी निघा. इसबगोल मनाने सुरू करू नका, आतडं सरकतच नसेल तर तो गोळा आत अडकू शकतो, डॉक्टर दुसरं सारक लिहून देतात. आणखी एक, जुलाब झाले की आपल्याकडे गल्लीतले डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, त्याने क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी वहीचं पहिलं पान आधी पुढे करायचं.

रिस्पेरिडोन, अमिसलप्राइड या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढू शकतं, बाईची पाळी थांबते, छातीतून दूध येतं, आणि घरात भलताच संशय घेतला जातो, मी असं ऐकलंय आणि फार वाईट वाटतं. आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि मग प्रोलॅक्टिन, दोन्ही साध्या तपासण्या आहेत. लांबत गेलं तर हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे पाळी येत नाही तर बरंच झालं, कटकट गेली, असं म्हणून सोडून देऊ नका. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, बायकोला काय सांगणार, आईला काय सांगणार, म्हणून बरेच जण गुपचूप गोळी थुंकून टाकतात, तेव्हा डॉक्टरांना एकट्यात भेटायला त्याला पाच मिनिटं द्या, तुम्ही बाहेर बसा.

हॅलोपेरिडॉल आणि जुन्या गोळ्या, इंजेक्शनं यांनी अंग आखडतं, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही, आणि वर्षानुवर्षांनी तोंड, जीभ आपोआप चघळल्यासारखी हलते. अंग आखडणं आणि थरथरणं यावर पॅसिटेन म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, ती कितीतरी वर्षं तशीच चालू राहते, कोणी बघतच नाही. तिने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, वयस्कर माणसाची लघवी अडकते, विसरायला होतं. दर भेटीत विचारा, ही अजून लागते का.

व्हॅल्प्रोएट (बायपोलरवर आणि फिटवर देतात ती गोळी) मूल होण्याच्या वयातल्या मुलीला चालू असेल तर गर्भ राहिल्यावर बाळात व्यंग येण्याचा धोका आहे, लग्न ठरतानाच डॉक्टरांशी उघड बोला, गर्भ राहिल्यावर नाही. लिव्हर आणि प्लेटलेट्सची तपासणी पण यात येते.

उन्हाळा आणि उपास

हे विदर्भातल्या लोकांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी घाम कमी येतो, शरीराला गरमी कळत नाही, माणूस ४४-४५ डिग्रीत दुपारी गच्चीवर नाहीतर रस्त्यावर बसून राहतो, कधी कधी स्वेटर घालून. उष्माघात याच माणसांना लवकर होतो. मार्च संपला की दुपारी ११ ते ४ घरात, कूलर, सुती कपडे, पाण्याची बाटली भरून हातात, तहान लागली का विचारत बसू नका.

लिथियमवाल्यांनी निर्जळी उपास करू नये, पाणी आणि मीठ कमी झालं की लेव्हल वर जाते. एकादशी, नवरात्र, रोजे, ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे, मी कुणाला मोडायला सांगत नाही, पण आधी डॉक्टरांशी बोला, पाणी पिऊन करता येणारा उपास करा. वारीला जाणाऱ्यांनी गोळ्यांचे दोन वेगळे पुडे ठेवा, एक स्वतःकडे एक दिंडीतल्या ओळखीच्या माणसाकडे, पावसात भिजून एक गेला तर दुसरा राहतो.

उलट काही पेशंट पाणीच खूप पितात, तांब्यावर तांब्या, नळाला तोंड लावून. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, उलट्या, गोंधळ, फिट येऊ शकते. सकाळचं वजन आणि संध्याकाळचं वजन यात दोन तीन किलोचा फरक पडत असेल तर सांगा डॉक्टरांना.

तंबाखू, खर्रा, बिडी

बिचाऱ्याला तेवढाच आनंद आहे, राहू द्या, असं घरचेच म्हणतात आणि कधी कधी शांत बसावा म्हणून आपणच आणून देतो. मला हे पटत नाही. मानसिक आजाराच्या पेशंटला पण तंबाखू सोडता येते, त्याला पण निकोटिन गम चालतो, समुपदेशन चालतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे.

पण एक महत्त्वाची गोष्ट. बिडी-सिगरेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन लिव्हरमधून लवकर निघून जातात, त्यामुळे ओढणाऱ्याचा डोस त्या हिशोबाने बसलेला असतो. त्याने एकदम बिडी सोडली, किंवा दवाखान्यात ॲडमिट झाला आणि तिथे मिळाली नाही, तर तोच डोस जास्त पडायला लागतो, गुंगी, लाळ, फिटसुद्धा. म्हणून सोडायच्या आधी सायकियाट्रिस्टला तारीख सांगा, ते डोस बघतील. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे खर्रा, मावा, मिश्री सोडताना हा प्रश्न येत नाही.

खर्रावाल्याचं तोंड महिन्यातून एकदा उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की आग, आणि तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, यातलं काहीही असलं तर डेंटिस्ट. दातांचं तर सगळ्यांनीच बघावं, गोळ्यांनी तोंड कोरडं राहतं, दात किडतात, आणि मग चावता येत नाही म्हणून माणूस बिस्किट-चहावर जगतो, शुगर अजून वाढते.

खाणं आणि चालणं

यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच की गोळ्यांनी लागणारी भूक खरी असते, त्याला हावरट म्हणू नका, ताट हिसकावू नका. घरात फरसाण, बिस्किटं, कोल्ड्रिंक आणणंच बंद करा, सगळ्यांसाठी, एकट्यासाठी नाही. भुकेला ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी, ताक, फुटाणे समोर ठेवा. चालायला जा म्हणू नका, चल म्हणा, आणि स्वतः चप्पल घाला.

डॉक्टर ऐकत नसतील तेव्हा

दादाच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा एका दवाखान्यात फाइलवर स्किझोफ्रेनिया वाचलं आणि पोटाला हात न लावता सांगितलं की सायकियाट्रिस्टकडे घेऊन जा, याचं मनाचं आहे. दुसरीकडे नेलं, सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स निघालं, त्याच रात्री ऑपरेशन. असं बऱ्याच घरांत होतं, शरीराची प्रत्येक तक्रार मानसिक आजाराच्या खात्यात टाकली जाते.

म्हणून बोलायची पद्धत शिकून घ्या. सुरुवात आजाराच्या नावाने करायची नाही, त्रासाने करायची. काल रात्री ९ पासून पोटात उजवीकडे खाली दुखतंय, दोन उलट्या झाल्या, ताप १०१ आहे, आणि या गोळ्या चालू आहेत, असं, याच क्रमाने. वही पुढे ठेवा. तरी टाळाटाळ झाली तर आवाज न चढवता विचारा, डॉक्टरसाहेब, हाच त्रास घेऊन मी स्वतः आले असते तर तुम्ही कुठल्या तपासण्या केल्या असत्या, तेवढ्या याच्या करा. आणि तपासायची गरज नाही असं म्हणत असतील तर तसं केसपेपरवर लिहून द्या म्हणा, विनंती म्हणूनच, बहुतेक वेळा मग तपासतातच.

तो बोलू शकतो तर त्याला बोलू द्या, डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतील तरी तुम्ही त्याच्याकडे बघा. विचित्र वर्णन करेल, पोटात कुणीतरी यंत्र बसवलंय म्हणेल, पण पोट म्हणतोय ना, मग पोट तपासायचं.

ज्यांना सांगताच येत नाही

बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं, मोठ्यांचं तर अजून अवघड. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा अचानक डोकं आपटायला लागला, चावायला लागला, सगळे म्हणाले झोपेची गोळी वाढवा, काकूंनी आधी डेंटिस्टकडे नेलं, दाढेत पू होता. त्यामुळे वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट, लघवी, पाळीचं दुखणं, काही लागलंय का, हे क्रमाने बघून घ्या आणि मग वागण्याची गोळी. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड वर्षातून एकदा, कान-डोळे नियमित, आणि हार्टची इको (हार्टची सोनोग्राफी) लहानपणी झाली नसेल तर आता करून घ्या. जेवताना ठसका लागतो, आवाज ओला येतो, वरचेवर न्यूमोनिया होतो, तर घास श्वासनलिकेत जातोय का ते बघायला हवं, ताठ बसवून, लहान घास, झोपवून भरवायचं नाही. व्हीलचेअरवर किंवा अंथरुणावर असलेल्याची माकडहाड, टाचा, ढुंगण रोज अंघोळीच्या वेळी बघा, लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नाही तर त्या बाजूवर झोपवणं लगेच बंद.

थांबायचंच नाही अशी लक्षणं

खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम, भान हरपलेलं, हे सगळं एकत्र दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो, दुर्मिळ आहे पण जीव जातो, तापाची गोळी देऊन बघायचं नाही, १०८ ला फोन. छातीत दुखणं किंवा कारण नसताना धाप, घाम. एका बाजूची शक्ती जाणं. पहिलीच फिट. लघवी पूर्ण अडकणं. शुगर खूप वाढून उलट्या, जोरात श्वास, गुंगी. आणि मरणाचं बोलत असेल तर तेही याच यादीत आहे, एकटं सोडायचं नाही, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

पैसे आणि कागद

सगळ्या तपासण्या खासगीत करायची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार आणि तपासण्या मोफत केल्यात, बीपी-शुगर तर आरोग्य केंद्रात होतेच. मोठ्या मनोरुग्णालयांच्या, म्हणजे नागपूर, ठाणे, येरवडा, रत्नागिरी यांच्या ओपीडीला गेलात तर तिथेच शरीराच्या तपासण्या पण लिहून मागा.

मानसिक आजार २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो, ४० टक्के किंवा वर असेल तर यूडीआयडी कार्डावर (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) सवलती मिळतात, अर्ज स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुअपंगत्व यांना निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, मानसिक आजार मात्र त्यात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे, आणि पेशंटला स्वतःचे मेडिकल रेकॉर्ड मागायचा हक्क पण त्यात आहे, डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट मागताना हे लक्षात ठेवा. पुण्यात सा (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन), ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थांकडे शुभंकरांचे, म्हणजे पेशंटला सांभाळणाऱ्या घरच्यांचे, गट भरतात, कागदपत्रांचं सगळ्यात खरं ज्ञान तिथेच मिळतं, कारण ते सगळं करून बसलेले असतात.

शेवटचं काम आज रात्रीच करा. वहीच्या पहिल्या पानाच्या दोन झेरॉक्स काढा, गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात, सायकियाट्रिस्टचा नंबर, तुमचा नंबर, रक्तगट, आणि लिथियम किंवा क्लोझापिन असेल तर ते लाल पेनने. एक त्याच्या पाकिटात, एक फ्रीजवर. तुम्ही ऑफिसला असताना त्याला काही झालं तर शेजारचे लोक घेऊन जातील, त्यांना यातलं काहीच माहीत नसणार.